कागदावर टेरेस, बोलण्यात मास्टर बेडरूम

बँकांच्या गृहकर्जाचे व्याज ज्याच्या मागे चालते तो रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आल्यापासून कोथरूडच्या आमच्या कट्ट्यावर गृहकर्जाखेरीज दुसरा विषय निघेनासा झाला आहे. मधूचे कर्ज एका गृहवित्त कंपनीकडे असल्यामुळे दरकपातीचा लाभ त्याच्या हप्त्यापर्यंत पोचलाच नाही. म्हणून ते बँकेकडे हलवायचे आणि वर पंधरा लाखांचे टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, घ्यायचे, हा त्याचा बेत सर्वांना ठाऊक होता. रविवारी त्यात एवढीच भर पडली की बँकेचा मूल्यांकक गुरुवारी घर पाहायला येणार आहे.

या बातमीनंतर मधूने चहा थंड होईपर्यंत आपल्या तयारीचे वर्णन केले. हॉलला नवा रंग दिला होता, पडदे बदलले होते, फॉल्स सीलिंगमध्ये दिव्यांची पट्टी बसवली होती, आणि पाहुण्यासाठी साजूक तुपातला शिरा करण्याची सूचना घरात देऊन झाली होती. शिऱ्यात केळे घालावे की नाही, यावर अप्पांनी आपले मत नोंदवले. मधू बोलत असताना त्याला कोणी अडवू शकत नाही, कारण तो श्वास वाक्याच्या शेवटी न घेता मध्येच कुठेतरी घेतो.

सुनंदाताई मात्र शांतपणे ऐकत होत्या. त्यांची उभी हयात एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली, आणि दुसऱ्याचे बोलणे पूर्ण ऐकून मगच त्याला नामंजूर करण्याची सवय त्यांना तिथे लागली असावी.

“मधू,” त्या म्हणाल्या, “तो माणूस तुझ्या घरी राहायला येत नाही. उद्या तू हप्ते थकवलेस, तर हे घर विकून बँकेला किती रक्कम सुटेल, एवढेच लिहून द्यायला तो येतो. त्याच्या अहवालात बाजारमूल्य असते, त्याखाली वसुलीचे मूल्य असते आणि त्याहीखाली घाईने विकावे लागले तर येणारे मूल्य असते. पडद्यांचा रकाना मी तरी कोणत्याही अहवालात पाहिलेला नाही.”

मधूने मोबाइल काढला. नेटवर आमच्या भागाचा भाव चौरस फुटाला १४ हजार रुपये दिसतो आणि आपले घर ७८० फुटांचे आहे, तेव्हा किंमत एक कोटी नऊ लाख वीस हजार रुपये होते, असे त्याने जाहीर केले. वीस हजारांचा उच्चार त्याने विशेष स्पष्ट केला.

“करारनाम्यात काय लिहिले आहे?” ताईंनी विचारले.

करारनाम्यात ६२० चौरस फूट बिल्ट-अप, म्हणजे भिंतींसकट, लिहिलेले आहे. पहिला करार १९९३ चा, आणि मधूने २०१६ मध्ये पहिल्या मालकाकडून घर घेतले तेव्हा दुसऱ्या करारातही तोच आकडा उतरवून घेतला गेला. उरलेल्या १६० फुटांत जिन्यातला वाटा आहे, खिडक्यांबाहेरचे कठडे आहेत आणि मुख्य म्हणजे मधूची ‘मास्टर बेडरूम’ आहे, जिच्याकडे आपण येणारच आहोत.

ताईंनी दत्ताच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. मूल्यांकक लेझर मीटर भिंतीला टेकवतो, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटतो आणि आतल्या मोकळ्या जागेचा आकडा यंत्रावर येतो, त्यामुळे बोलण्याला तिथे वाव नसतो. त्या मापाने मधूचे घर ५१५ फुटांच्या आसपास भरेल. नव्या इमारतींचे भाव गृहबांधणीच्या रेरा कायद्यानंतर कारपेट क्षेत्रावर, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवर, सांगितले जातात. म्हणजे मधू दर कारपेटचा घेत होता आणि त्याला गुणत होता जिन्यासकट सगळ्या फुटांनी. त्याचाच दर धरला तरी रक्कम ७२ लाख १० हजार होते. शिवाय तो दर लिफ्ट आणि पार्किंग असलेल्या नव्या इमारतीचा आहे आणि विक्रेत्याने मागितलेला आहे. प्रत्यक्षात किती रुपयांना व्यवहार झाले, हे पाहायचे असेल, तर नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर शेजारच्या इमारतींचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे गोषवारे, पाहता येतात, हे सांगायला ताई विसरल्या नाहीत.

“आणि आता हे ऐक,” त्या पुढे म्हणाल्या. “तुझे जुने कर्ज २२ लाख, टॉप-अप १५ लाख, मिळून ३७ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. तुला सव्वाशेहेचाळीस लाखांचे घर पुरते. जुनी इमारत म्हणून बँकेने हात आखडून ७० टक्केच धरले, तरी ५३ लाखांत काम होते. तुझे अडणार असेल, तर किमतीवर अडणार नाही, शेऱ्यावर अडेल.”

माझ्या मते सगळ्या चर्चेचे सार एवढेच होते आणि चहाच्या पहिल्या फेरीतच ते सांगून झाले होते. पण कट्टा सारावर थांबत नाही.

शेरा कशावर येईल, हे सांगायला दत्ता टपलेलाच होता. दत्ता मधूच्या बरोबर वर राहतो आणि संस्थेचा सचिव आहे, म्हणजे दोन्ही प्रकारे त्याच्या डोक्यावर आहे. मंजूर नकाशात मधूच्या घराला एकच शयनगृह आणि एक उघडी गच्ची आहे. मधूने त्या गच्चीवर पत्रे टाकले, खिडक्या बसवल्या आणि आत पलंग लावला. “महापालिकेचा माणूस कर आकारणीसाठी आला, तेव्हा याने त्याला त्याच खोलीत उभे करून ‘ही ओपन टेरेस आहे’ असे सांगितले,” दत्ता म्हणाला, “आणि गुरुवारी बँकेच्या माणसाला त्याच जागी उभे करून हा ‘मास्टर बेडरूम’ म्हणणार आहे. जागा तीच आहे, मालक तोच आहे, फक्त खाते बदलले की छत येते.”

“सगळ्यांनीच केले आहे,” मधू म्हणाला. अनधिकृत बांधकामाच्या समर्थनार्थ पुण्यात याहून वेगळा युक्तिवाद मी ऐकलेला नाही.

ताईंचे म्हणणे असे होते की मूल्यांककाजवळ मंजूर नकाशाची प्रत असते आणि तो ती खोली किमतीत धरत नाही. ‘नकाशाशी विसंगत’ एवढे तो लिहितो, आणि मग ते खपवून घ्यायचे की आधी काढून टाकायला सांगायचे, हे बँक ठरवते. त्यामुळे त्या खोलीचे कौतुक करण्यापेक्षा तिच्याबद्दल गप्प राहणे आणि विचारल्यावर खरे सांगणे हीच तिची तयारी. याउलट कागदांची तयारी मात्र मनापासून करावी: दोन्ही करारनामे नोंदणीच्या पावत्यांसह, इंडेक्स टू, मंजूर नकाशा, भोगवटापत्र, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची पावती आणि चालू वीजबिल. मूळ प्रती जुन्या कंपनीकडे गहाण असतील, तर त्यांची यादी तिच्याकडून आधीच मागवून ठेवावी. वीजमीटरचा क्रमांक, दारावरचा क्रमांक आणि करारातला क्रमांक एकच असावा.

इथे मधूचा चेहरा पडला. अंकशास्त्राच्या सल्ल्यावरून त्याने दारावरचा ८ काढून ९ लावलेला आहे, आणि समोरच्या घराचा क्रमांक मुळातच ९ असल्याने दोन्ही घरांची कुरिअरे कित्येक दिवस एकमेकांकडे जात आहेत.

“तू रंग दिलास, पडदे लावलेस,” ताई म्हणाल्या, “आणि घर दाखवणार आहेस समोरच्यांचे.”

मधूने यावर दुसरा मूल्यांकक मागण्याची धमकी दिली. दोन स्वतंत्र अहवालांची रिझर्व्ह बँकेची सक्ती ५० कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेला आहे, त्याखाली ज्या त्या बँकेचे धोरण, असे ताईंनी सांगताच अप्पांनी शिऱ्यात बेदाणे वाढवावेत, अशी दुरुस्ती सुचवली. अप्पांच्या पुतण्याचे घर सिंहगड रस्त्याला नदीच्या अंगाला आहे. २५ जुलै २०२४ ला एकता नगरीत पाणी शिरले, त्यानंतर त्याच्याकडे आलेल्या मूल्यांककाने घरात येण्याआधी निळी पूररेषा, म्हणजे नदीकाठची बांधकामबंदीची हद्द, कुठून जाते ते विचारले, ही अप्पांची माहिती तेवढ्यात निघून गेली; तिच्यावर अधिक बोलायला हवे होते.

खरा स्फोट न्हाणीघराच्या भिंतीवरून झाला. तिथे ओल आहे, पोपडे सुटले आहेत, आणि बुधवारी रात्री त्या भिंतीवर रंगाचे दोन हात मारण्याचा विचार मधूने बोलून दाखवला.

“घरात एकच भिंत ताज्या रंगाची दिसली, की मूल्यांकक आधी तिलाच हात लावतो,” ताई म्हणाल्या. एका घरात असाच ताजा रंग होता. ताईंबरोबर आलेल्या अभियंत्याने किल्लीच्या टोकाने भिंतीवर ठोकले, बद्द आवाज आला, आणि हाताएवढा पापुद्रा रंगासकट त्याच्या बुटावर पडला. त्यानंतर त्याने घरातल्या एकूण एक भिंती ठोकल्या, ज्या त्याने एरवी ठोकल्या नसत्या. सोफे भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवावेत, माळ्याखालची अडगळ काढावी, म्हणजे मापे घेता येतात. गळती असेल, तर ती दुरुस्त करावी, आणि नसेल होत, तर झाकू नये.

“गळती वरच्या न्हाणीघरातून आहे,” मधू दत्ताकडे न पाहता म्हणाला.

वरच्या घरातल्या नळ-संडासातून होणारी गळती सदस्यांनी स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, हे दत्ता सचिव असल्यामुळे त्याला पाठ आहे आणि वरच्या घराचा मालक असल्यामुळे आठवत नाही. तो थेट स्ट्रक्चरल ऑडिटवर, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीवर गेला. गृहनिर्माण संस्थेच्या नियमांप्रमाणे, म्हणजे उपविधींप्रमाणे, १५ वर्षांवरच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचे दर ३ वर्षांनी ऑडिट करायचे असते. वार्षिक सभेत ऑडिटचा ठराव आला, तेव्हा “इमारत ठणठणीत आहे, हा खर्च कोणाच्या खिशात जाणार आहे?” असे उभे राहून विचारणारा सदस्य कोण होता, हे दत्ताने इतिवृत्ताच्या पृष्ठक्रमांकासह सांगितले. ऑडिट झाले, पण त्या सदस्याने आपला वाटा आजतागायत भरलेला नाही.

“मूल्यांकक जिना चढण्याआधी पार्किंगमधले खांब पाहतो,” ताईंनी आगीत तेल ओतले. “गंजलेली सळई दिसली, की इमारतीचे उरलेले आयुष्य तो कमी लिहितो, आणि कर्जाची मुदत त्या आयुष्याच्या आत बसवावी लागते. तुझ्या इमारतीची तेहेतीस वर्षे झाली. ती अजून किती वर्षे उभी राहील, हे सांगणारा कागद एकच आहे, आणि तो दत्ताच्या कपाटात आहे.”

कपाटाचा उल्लेख होताच दत्ताने ना-हरकत पत्राचाही उल्लेख केला. बँकेला तेही लागते आणि थकबाकीदाराला ते देण्याची संस्थेत प्रथा नाही. मधूने मोबाइल पुन्हा काढला, या वेळी भाव पाहण्यासाठी नव्हे, आणि ऑडिटच्या वाट्याची रक्कम त्राग्याने संस्थेच्या खात्यात पाठवून पावती दत्ताच्या नाकासमोर धरली.

दत्ताने चष्मा लावून आकडा वाचला. “ही मुद्दल झाली,” तो म्हणाला. “उपविधींप्रमाणे थकबाकीवर द.सा.द.शे. २१ पर्यंत सरळ व्याज घेता येते आणि आपल्या सभेने ते पूर्ण २१ ठरवले आहे. सूचक तूच होतास, माझ्या पार्किंगच्या थकबाकीच्या वेळी.”

कर्जाचा दर अर्ध्या टक्क्याने उतरावा म्हणून महिनाभर धावाधाव करणाऱ्या मधूने यानंतर जे उद्गार काढले, ते इतिवृत्तात घेऊ नयेत, असे अप्पांनी सुचवले. ताईंनी अनुमोदन दिले, आणि हसता हसता ठसका लागल्यामुळे दत्ताला मतदान करता आले नाही.