भोक लहान म्हणजे नेम अचूक? पीप साइटच्या मेसेजला उत्तर

पाटण, कराड, शिराळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पीप साइट, म्हणजे बंदुकीवर मागे बसवायची नेम धरायची भोकाची चकती, ही स्वस्तातली दुर्बीण. भोक जितकं लहान तितका नेम अचूक. डोळा आपोआप मधोमध येतो, सराव लागत नाही. चष्मेवाल्यांना ती चालत नाही. अंधारून आलं की बाद. जुन्या ठासणीच्या बंदुकीवर कुठल्याही लेथवाल्याकडून बसवून घेतली तर 50 मीटरवर रुपया उडवता येतो. आणि एकदा झिरो केली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी साइट जुळवली, की पुन्हा बघायला नको.

यातल्या दोन-तीन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, म्हणून मेसेज पटतो. नुकसान त्या उरलेल्या अर्ध्यानंच होतं.

आधी वस्तू नीट समजून घेऊ. साध्या बंदुकीत पुढे, नळीच्या टोकाला, माशी म्हणजे नेमाचा बारीक खुंट असतो आणि नळीवर मध्ये कुठेतरी खाच. शिस्त, म्हणजे नेम, धरताना खाच, माशी आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी डोळ्याला एका वेळी स्पष्ट बघायच्या असतात, आणि डोळ्याला ते जमत नाही. पीपमध्ये खाचेच्या जागी डोळ्याजवळ एक भोक येतं. भोकाकडे बघायचं नसतं, भोकातून बघायचं असतं. त्यामुळे सांभाळायच्या गोष्टी तीनाच्या दोन होतात. शिवाय मागची साइट डोळ्याकडे सरकल्यामुळे दोन साइटमधलं अंतर वाढतं. हे अंतर 50 सेंमी असेल तर एक दशांश मिलिमीटरची चूक 50 मीटरवर 10 मिमी होते. 80 सेंमी असेल तर तीच चूक सव्वासहा मिमीवर थांबते. पीपचा खरा फायदा एवढाच. तो लहान नाही, पण त्यात दुर्बीण कुठेच नाही. लक्ष्य एका केसानंही मोठं दिसत नाही.

‘भोक जितकं लहान तितका नेम अचूक’

एका मर्यादेपर्यंत खरं, त्यापुढे उलटं. भोक लहान केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही अधिक स्पष्ट दिसतं. पण साधारण 1 मिमीच्या खाली गेलं की प्रकाश भोकाच्या कडेवर पसरतो आणि चित्र पुन्हा धूसर होतं. 1 मिमीच्या भोकाचा हा पसारा कोनात सव्वादोन मिनिटांच्या (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आसपास भरतो. अर्ध्या मिलिमीटरला तो दुप्पट होतो. निरोगी डोळा एक मिनिटाचा बारकावा ओळखू शकतो. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या भोकानं चांगल्या डोळ्याचं आपणच वाटोळं करतो. शिवाय भोक निम्मं केलं की उजेड चौथाई होतो.

म्हणून माप कामावरून ठरतं. 10 मीटर एअर रायफलच्या कागदी लक्ष्यासाठी, चांगल्या उजेडात, मागचं भोक 1.1 ते 1.3 मिमी ठेवतात. उघड्यावर, हलत्या उजेडात 2 ते 3 मिमी सोयीचं. जंगलात वापरायच्या रायफलींवर परदेशात ‘घोस्ट रिंग’ बसवतात, तिचं भोक 4 ते 6 मिमी आणि कडा पातळ असते. सैन्याच्या रायफलींचं गणितही असंच. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी गावातल्या कुठल्याही माजी सैनिकाला विचारा, एसएलआर आणि इन्सास दोन्हींची मागची साइट भोकाचीच. पण ते भोक स्पर्धेच्या रायफलीइतकं बारीक नसतं, कारण सैनिकाला पहाटेही बघायचं असतं आणि घाईतही.

पुढच्या साइटमध्येही हीच हाव नडते. एअर रायफलच्या पुढच्या साइटमध्ये माशीऐवजी गोल कडं घालतात. लक्ष्याचा काळा गोल 30.5 मिमीचा, 10 मीटरवरचा तो गोल डोळ्यापासून 85 सेंमीवरच्या कड्यात साधारण 2.6 मिमी दिसतो. कडं 3.8 मिमीचं असेल तर सगळीकडून 0.6 मिमी पांढरी पट्टी उरते आणि डोळा ती सहज समान करतो. नवशिके 3.2 घालतात, कारण ‘घट्ट म्हणजे अचूक’ असं वाटतं. पट्टी 0.3 मिमीवर येते, रायफलीचा नैसर्गिक हेलकावाही त्यात मावत नाही, काळा गोल कड्याला टेकल्यासारखा दिसतो आणि मुलगा बार उडवायला दहा सेकंदांऐवजी वीस सेकंद घेतो. तोवर डोळा थकलेला, श्वास संपलेला. गोळी दहाऐवजी आठ गुणांच्या वर्तुळात का गेली याचं उत्तर मग सगळे चापात शोधत बसतात.

‘डोळा आपोआप मधोमध येतो’

हे वाक्य सगळ्यात फसवं, कारण ते बारीक भोकाला बरंचसं लागू पडतं आणि मोठ्या भोकाला पडत नाही.

दिवसाच्या उजेडात डोळ्याची बाहुली 2 ते 4 मिमी असते. भोक 1.2 मिमीचं असेल तर ते बाहुलीहून लहान. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी बघण्याची रेषा भोकच ठरवतं. घोस्ट रिंगमध्ये उलटं होतं. भोक 5 मिमी, बाहुली 3 मिमी. आता डोळा मध्यापासून 1 मिमी सरकला तरी चित्र पूर्ण आणि लख्ख दिसतं, चुकल्याची काहीच खूण नाही. दोन साइटमधलं अंतर 60 सेंमी धरलं तर हा एक मिलिमीटर 50 मीटरवर 83 मिमी होतो. म्हणजे वीतभर नाही, पण चार बोटांहून जास्त. माशी बरोबर जागी, चाप गुळगुळीत, आणि गोळी भलतीकडे.

उपाय साइटमध्ये नाही, दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या भागात आहे. गाल दस्त्यावर दर वेळी एकाच जागी टेकला पाहिजे. पीप ही खाचेपेक्षा उंच बसते, म्हणून जुन्या दस्त्यावर गाल तरंगतो आणि मान ताणून बघावं लागतं. अशा वेळी दस्त्यावर चामडं किंवा फोम बांधून गालाची उंची वाढवतात. तपासायची रीत सोपी: डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. माशी भोकात मधोमध नसेल तर दस्ता बदला, मान नको. हे करताना बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा.

‘चष्मेवाल्यांना चालत नाही’

नेमकं उलटं. चाळिशी ओलांडली की खाच धूसर होते, कारण ती डोळ्यापासून हातभर अंतरावर असते. पीपमध्ये ती खाचच जाते. विश्वास बसत नसेल तर पोस्टकार्डाला दाभणानं भोक पाडा, चष्मा काढा आणि भोकातून भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक तिथी वाचा.

चष्मेवाल्यांची अडचण वेगळीच असते. शिस्त धरताना मान पुढे झुकते आणि डोळा काचेच्या मध्यातून न बघता नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो. बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह काच तर इथे कामाचीच नाही. लांबच्या नंबरात +0.50 मिळवून एकाच नंबरची काच करून घेतली की माशी स्वच्छ दिसते आणि लक्ष्य किंचित धूसर. तसंच हवं. नजर माशीवर, लक्ष्यावर नव्हे.

‘जुन्या ठासणीवर बसवा, रुपया उडवा’

इथे दोन वेगळ्या बंदुका एकाच पोत्यात भरल्या आहेत.

ठासणीला पीप चालते का? उत्तम चालते, नळीत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा असतील तर. 1874 साली अमेरिकेत क्रीडमूरच्या नेमबाजी मैदानावर आयर्लंड आणि अमेरिकेच्या संघांची 800, 900 आणि 1000 यार्डांवर लढत झाली. आयरिश संघाच्या हातात रिग्बी कंपनीच्या ठासणीच्या रायफली होत्या, अमेरिकनांकडे मागून भरायच्या, आणि साइट भोकाच्या. निकाल 934 विरुद्ध 931, अमेरिका तीन गुणांनी पुढे. आजही अमेरिकेतल्या आयडाहोसारख्या राज्यात ठासणीच्या शिकार-हंगामात दुर्बीण चालत नाही, म्हणून तिथे पीपला मागणी आहे. मेसेजमागचा मूळ इंग्रजी सल्ला तिथल्या आटेवाल्या नळीसाठी असतो. मराठी मेसेज करताना ते आटे गळून पडले.

आपल्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणी बहुतेक गुळगुळीत नळीची असते. तिच्यातून सुटलेल्या गोळीला ठरावीक फिरकी नसते. ती नळीत जशी आपटत आली तशी वाट्टेल त्या बाजूला गरगरते आणि हवेत वळते. साइट कितीही चांगली लावा, हे वळण तिला दिसत नाही. अशा बंदुकीवर बऱ्याचदा मागची साइटच नसते, नुसती माशी. तिथे डोळा हीच मागची साइट. गाल 3 मिमी वर टेकला आणि माशी डोळ्यापासून मीटरभर लांब असली तर 50 मीटरवर 15 सेंमीचा फरक पडतो. पीप लावली तर हा फरक जाईल, नळीचा जाणार नाही. छर्रे भरणाऱ्याला तर त्याचाही फारसा उपयोग नाही.

रुपयाचं म्हणाल तर 50 मीटर रायफलच्या लक्ष्यात दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं असतं, रुपयाच्या नाण्याच्या निम्मं. ते भोकाच्या साइटनं, दुर्बिणीशिवाय सापडतं, हे कोल्हापूरकरांनी जगाला दाखवलं आहे: तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला विश्वविजेती, स्वप्निल कुसाळे 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक. पण त्या नळ्या वेगळ्या, काडतुसं त्या नळीवर पारखून घेतलेली आणि मागे वर्षानुवर्षांची तालीम.

‘कुठल्याही लेथवाल्याकडून’

कुपवाड एमआयडीसीत काय वाटेल ते वळवून मिळतं, हे खरं. पण बंदुकीला हात लावायचा तर शस्त्र अधिनियम 1959 प्रमाणे दुरुस्ती आणि फेरबदलाचा परवाना असलेलाच माणूस लागतो. काम करणारा आणि करवून घेणारा, दोघंही अडकतात. कायदा बाजूला ठेवला तरी ठासणीत मागच्या टोकाला बूच असतं आणि दारूचा सगळा दाब तिथेच येतो. त्या जागी ड्रिल घातलं आणि स्क्रूचे आटे दोन फेरे खोल गेले, तर फुटेल ते नेमबाजाच्या तोंडासमोर. पीप बुचामागच्या पट्टीवर किंवा दस्त्याच्या मनगटावर (मुठीत धरायच्या बारीक भागावर) बसवतात, नळीवर नाही. धक्क्यानं ती भुवईत बसू नये म्हणून डोळ्यापासून निदान 5 ते 7 सेंमी लांब ठेवतात.

आणि पिकात शिरणाऱ्या रानडुकराबद्दल: 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, साइट कोणतीही असो. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार काढता येत नाही.

‘अंधारून आलं की बाद’

बारीक भोकाला खरं. तिन्हीसांजेला बाहुली 6 मिमीपर्यंत उघडते; 1.2 मिमीचं भोक तिला पंचविसावा हिस्सा उजेड देतं. स्क्रूनं बसणारी बारीक भोकाची चकती काढून टाका, उरलेलं मोठं कडं घोस्ट रिंगसारखं चालतं. मात्र त्याही आधी माशी दिसेनाशी होते. आणि समोर डुक्कर आहे, गवा आहे की शेजाऱ्याचा रेडा, हे ओळखू येत नसेल तर साइटची चर्चा तिथेच संपते.

अंधारापेक्षा तिरपं ऊन जास्त घात करतं. चकाकत्या माशीच्या उजव्या अंगावर ऊन पडलं की डोळा त्या चमकत्या अंगालाच मध्य समजतो आणि गोळी डावीकडे जाते. माशीवर झाकण हवं, नाहीतर ती काळी करायला हवी. कापूर पेटवून त्याची काजळी धरली की मस्त मॅट काळा थर बसतो. हे दारू, टोप्या आणि काडतुसांपासून लांब करायचं, वेगळ्या खोलीत.

‘एकदा झिरो केली की झालं’

झिरो टेकू देऊन, पाच-पाच बारांच्या ग्रुपवर, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांच्या पुंजक्यावर करतात. एका बारावर साइट फिरवणारा स्वतःचाच पाठलाग करत राहतो. ग्रुपचा मध्य काढा. मागची साइट, गोळी जिकडे न्यायची तिकडेच सरकते. माशी उलट्या बाजूला. किती सरकवायचं? चुकीचं अंतर गुणिले दोन साइटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. गोळी 50 मीटरवर 5 सेंमी खाली आणि साइटमधलं अंतर 70 सेंमी असेल तर मागची साइट 0.7 मिमी वर. ठासणीत दारूचं माप बदललं की हा हिशोब पुन्हा करायचा.

काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते. भोकाच्या कडेला तिची किनार धरते, भोक गोल राहत नाही, आणि स्क्रू गंजून चिकटतात. बार झाल्यावर त्याच दिवशी चकती काढून गरम पाण्यानं धुवा, कोरडी करा, तिच्या आट्यांना एक थेंब तेल. पाया धरणारे स्क्रू मात्र तेलकट ठेवायचे नसतात. ते कोरडे करून मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारं चिकट द्रव) लावायचं आणि पाया-साइटवर रंगाची एक बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की साइट हलली. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा बंदूक बाहेर काढताना आधी ती रेघ बघा.