सुई, खाच आणि तबलजीचं नाव

परवा एका मित्राकडे त्याचा नवा रेकॉर्ड प्लेअर बघायला गेलो होतो. लाकडी पेटी, वर पारदर्शक झाकण, प्रकरण देखणं. त्यानं भक्तिभावानं एलपी लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, "ऐक! ही ऊब डिजिटलमध्ये नाही." मी तोवर प्लेअरच्या मागे वायर शोधत होतो. वायर नव्हतीच. प्लेअर ब्लूटूथनं स्पीकरला जोडलेला. म्हणजे खाचेतून निघालेला आवाज आधी डिजिटल होऊन, चेपून-चापून हवेतून पलीकडे जात होता आणि आमचे मित्रवर्य उबेत बसले होते. वहिनींनी चहा फक्कड केला होता, म्हणून तिथे काही बोललो नाही. इथे बोलतो.

माझ्याकडे दीडएकशे तबकड्या आहेत, त्यामुळे हे घरातल्याच माणसाचं बोलणं समजा: आवाजासाठी रेकॉर्ड घेऊ नका.

१९८२ साली आलेल्या सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबलपर्यंत मावतं. चांगल्या एलपीत ते साठ-सत्तरच्या घरात. वर धूळ, चरचर, सुईची झीज. कानांची परीक्षाही एकदा होऊन गेली आहे. मोबाइल फिडेलिटी नावाच्या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डी, मूळ टेपवरून निव्वळ ॲनालॉग पद्धतीनं काढलेल्या म्हणून, शौकीन मंडळी चढ्या भावानं घ्यायची. २०२२ मध्ये उघड झालं की त्यांतल्या बऱ्याच रेकॉर्डींत मधे एक डिजिटल टप्पा होता, तोही कित्येक वर्षांपासून. तोवर भल्याभल्या कानसेनांना त्याचा पत्ता नव्हता.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि ती आपल्या गाण्याची आहे. एलपी फिरते एकाच वेगानं, मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण पन्नास सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलाजवळ येईपर्यंत ते वीसच्या आसपास उतरतं. म्हणजे सुरुवातीला जो आवाज ऐसपैस पसरत होता, तोच शेवटी निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. मग सर्वांत आधी फाटतात ते बारीक, टोकदार आवाज. पाश्चात्त्य रेकॉर्डींत त्यामुळेच बाजूच्या शेवटी एखादं शांत गाणं ठेवण्याकडे कल असायचा.

आपण काय करणार? आपला ख्याल सुरूच विलंबितात होतो. बाहेरची प्रशस्त जागा आलापाला, जिथे तिची तेवढी गरज नाही. मग लय वाढते, बोल-ताना (शब्द घेऊन मारलेल्या ताना) येतात, द्रुत सुरू होतं, तबला रंगात येतो आणि नेमकी तेव्हाच सुई लेबलाजवळच्या अडचणीत शिरते. सतारीवरचा 'झाला' (शेवटचा सर्वांत वेगवान भाग) असेल तर बघायलाच नको. पाहुणे वाढत जावेत तसतशी खोली लहान होत जावी, असा हा कारभार. त्यात बाजू संपते विशीच्या आसपास. तासन्‌तास मैफल जमवणाऱ्या गायकाला बावीस मिनिटांत उठवायचं! त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीत तर साडेतीन मिनिटांत आटपावं लागे. आमच्या संगीताला वेळेच्या बाबतीत खरा मोकळा श्वास डिजिटलनं दिला, हे मान्य करायला माझी काही हरकत नाही.

मग घेतोस कशाला, असं बायकोही विचारते. (तिचा प्रश्न मुख्यतः कपाटातल्या जागेबद्दल असतो.)

पाठीसाठी. कव्हरच्या पाठीसाठी.

बारा इंची पुठ्ठा. पुढे फोटो. मागची एवढी मोठी कोरी जागा काहीतरी लिहून भरणं भागच होतं, म्हणून कुणीतरी बसून लिहिलं. राग कोणता, ताल कोणता, चीज कुठली, तबल्यावर कोण, हार्मोनियम की सारंगी, तानपुऱ्याला कोण. आज आपण ज्यांचं नाव घेताना कानाची पाळी धरतो, असं नाव कधीकधी मागे बारीक अक्षरात, तानपुऱ्याच्या ओळीत सापडतं. त्या क्षणी जो आनंद होतो, त्याला ऊब म्हणा हवं तर.

आता तीच मैफल मोबाइलवर लावा. 'राग यमन, लाइव्ह'. संपलं. तबला आपोआप वाजतोय बहुधा. हार्मोनियमवाल्यानं अख्खी मैफल सावरून धरली असेल, पण त्याला शोधायचं तर कुठे? ॲपमध्ये एखाद्या तबलजीचं नाव टाकून बघा, त्याची एकल वादनं मिळतील. पण त्यानं आयुष्यभर ज्या साथी केल्या, त्यांचा मागमूस मिळेलच असं नाही. आणि यात दोष तंत्राचा नाही, तो आळसाचा आहे. डिजिटल फाइलला पन्नास नावं चिकटवता येतात, पुठ्ठ्याचा खर्चही नाही. चिकटवत नाहीत, एवढंच.

खरं तर आपल्याकडे रेकॉर्डिंगची सुरुवातच नावानं झाली. १९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गनं गायिका गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपता संपता बाई खणखणीत इंग्रजीत सांगतात, "माय नेम इज गौहर जान!" त्यात मिजास आहेच, पण कारण व्यवहाराचं होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसाला कोणतं गाणं कुणाचं हे कळायला हवं ना. नाव थेट खाचेत कोरलेलं. मात्र एक कबुली देतो, नाहीतर कॉमेंटमध्ये कुणीतरी देईलच: ७८ च्या लेबलवर साथीदारांची नावं बहुधा नसायचीच. तबलजींना न्याय मिळाला तो पुढे, एलपीच्या पुठ्ठ्यावर, तोही अधूनमधून.

गेल्या महिन्यात पुण्याच्या जुन्या बाजारात एक एलपी मिळाली. ख्यालाची, कव्हरचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला. विकणारा म्हणाला, "काका, वाजंल का नाय सांगत नाय." वाजते, पहिल्या बाजूला जरा कुरकुरते. पण घरी येऊन पाठ वाचली तर तबल्यापुढचं छापील नाव निळ्या शाईनं खोडलेलं. वर सुबक अक्षरात दुसरंच नाव आणि कंसात "मी हजर होतो."

ठेका तीनदा ऐकला. बाज एकदा या घराण्याचा वाटतो, एकदा त्या. ॲपवरही बघितलं, तिथे अर्थातच दोन्ही नावं नाहीत. पाठीचा फोटो पहिल्या कॉमेंटमध्ये टाकतोय. तबल्यातल्या जाणकारांनी जरा मोठा करून बघा आणि सांगा, निळ्या शाईवाले आजोबा बरोबर आहेत का.