सदतिसाला एक

मुंबई-पुणे गाडीला अजून तीन तास का लागतात, हा वाद दर पावसाळ्यात पेटतो आणि दोन वाक्यांवर येऊन विझतो: ‘घाट ब्रिटिशांनी बांधला, आपण नुसता वापरतोय’ आणि ‘जरा स्वित्झर्लंडकडे बघा’. झुरिकमध्ये बसून वाचलं की दुसरं जास्त खुपतं.

बघाच मग. बोरघाटातला सर्वांत कडक चढ सदतीस फुटांना एक फूट. इथल्या आल्प्स ओलांडणाऱ्या जुन्या गोटहार्ड रेल्वेमार्गाचाही जवळजवळ तेवढाच, पण तो सुरू झाला १८८२ मध्ये. बोरघाट १८६३ मध्ये. आणि ‘ब्रिटिशांनी’ म्हणजे कोणी? कंत्राटदार फॅविएलने मजुरांच्या दंगलीनंतर काम सोडलं. त्याच्या जागी आलेला ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला. कंत्राट पुढे त्याची बायको अ‍ॅलिस हिने निभावलं. २५ बोगद्यांच्या त्या कामावर एका वेळी ४०,००० हून जास्त मजूर होते. त्यांचं नाव कुणी घेत नाही.

वेळ जातो तो चढापायी. कर्जतला बहुतेक गाड्यांच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. सगळी इंजिनं पुढेच जोडली तर पूर्ण गाडीचं ओझं पहिल्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर, येतं. ते तुटलं की मागचे डबे घाटाखाली सुटलेच. उतरताना तर आणखी सावकाश. कॅच सायडिंगचे, म्हणजे सुटलेली गाडी अडवणाऱ्या फाट्याचे, सांधे मुळातच चढावर संपणाऱ्या रुळाकडे लावलेले असतात. गाडी उभी करून ब्रेक लागतात हे दाखवल्यावरच मेन लाइन मिळते. (कर्जतचा बटाटावडा ही या सगळ्यातली एकमेव फायद्याची बाब. इथल्या स्टेशनांवरचा गार ब्रेत्झेल त्याच्या जवळपासही जात नाही.)

१९२९ मध्ये नवी आखणी झाली आणि खंडाळ्याजवळ गाडी थांबवून उलट दिशेने काढण्याचा खटाटोप संपला. त्याच सुमारास विजेची इंजिनं आली. ड्रायव्हर ज्यांना ‘खेकडा’ म्हणत, त्यांतली पहिली विंटरथुरची, म्हणजे इथलीच.

‘स्विसांसारखा बोगदा काढा’ म्हणणारे एक विसरतात. गोटहार्डच्या दोन्ही अंगांना खोरं आहे, म्हणून २०१६ चा ५७ किलोमीटरचा बोगदा पायथ्यातून जवळजवळ सपाट जातो. सह्याद्रीला उतार एकाच अंगाला, पलीकडे पठार. पुण्याला जायचं तर साडेपाचशे मीटर चढणं आलंच. शंभराला एक असा सौम्य चढ धरला तरी ५५ किलोमीटर लागतात, आणि त्यातले बरेच डोंगराच्या पोटातून. मागायचं तर हे मागा, खर्चासकट. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मालगाडीचं एक चाक तुटून गोटहार्डचा तो बोगदा खिळखिळा झाला, तो पूर्ववत व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला, हेही सांगत जा.

इथे असले मोठे खर्च बरेचदा जनमताच्या कौलाला जातात. पण माझा पासपोर्ट भारतीय, मला मत नाही. तिकडे मत आहे, पण ते द्यायला स्वतः हजर राहावं लागतं आणि मी नसतो. घाटाच्या वादात माझा आवाज चढतो तो बहुधा त्यामुळेच.