बायका कोर्टात गेल्या तर : खातेप्रमुखांस सूचना

साहेब, खात्यातली एखादी बाई राज्यघटनेची समानतेची कलमं १४, १५ आणि १६ घेऊन कोर्टात गेली म्हणून रक्तदाब वाढवून घेऊ नका. आधी पदनाम बघा. विमानात बाई आणि पुरुष एकच ट्रे फिरवत असले तरी त्यांचे संवर्ग, म्हणजे नोकरीतले गट, वेगवेगळे ठेवा. १९८१ साली एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तर मान्य केलं: संवर्ग निराळा, मग भेदभाव कसला? पहिल्या गरोदरपणात नोकरी संपवणारा नियम गेला खरा. पहिली चार वर्षं लग्न न करण्याची अट शाबूत राहिली.

बाई फारच चिवट निघाली तर खटला चालू असतानाच तिला बढती देऊन टाका. परराष्ट्र सेवेतल्या सी. बी. मुथम्मा यांच्या बाबतीत तसंच झालं. तिथे लग्नाला सरकारची लेखी परवानगी लागे, तीही फक्त बाईला. (पुरुषाच्या लग्नाने परराष्ट्र धोरणाला धक्का बसत नसावा.) बढती मिळाली, आणि १९७९ मध्ये याचिका निकाली निघाली. न्या. कृष्णा अय्यर यांनी सरकारला खडे बोल सुनावले. पण खडे बोलांची नोंद सेवापुस्तकात होत नाही.

आणि हरलातच, तर निकाल शिरसावंद्य माना आणि निकषांची फाइल मागवा. लष्करातलं बायकांचं कायम कमिशन घ्या, म्हणजे ठरावीक वर्षांऐवजी निवृत्तीपर्यंतची अधिकारपदाची नोकरी. ते द्या, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २०१०चा, त्याला स्थगितीही नव्हती. तरी २०२० उजाडलं. खेड्यापाड्यातले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत, असंही सर्वोच्च न्यायालयात सांगून झालं. तिथेही हार झाली, अंमलबजावणीला तीन महिने मिळाले. खरी कारागिरी त्यानंतरची. पुरुषांची तंदुरुस्ती तरुणपणी तपासली गेली होती; चाळिशी ओलांडलेल्या बायकांना तोच 'शेप-१' हा लष्करी तंदुरुस्तीचा निकष आता लावला. गोपनीय अहवाल मात्र जुने काढले, 'हिला कुठे कायम व्हायचंय' म्हणून वरिष्ठांनी उरकून टाकलेले. शरीर आजचं, शेरे तेव्हाचे! मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव ठरवलं, तो भाग वेगळा. वर्ष तर निघालं?

मुदत मागताना तेवढं जपा. सप्टेंबर २०२१ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी (एनडीए) मुलींची प्रवेश परीक्षा पुढच्या मेपर्यंत लांबवा, अशी विनंती सरकारने केली. न्यायालय म्हणालं, नोव्हेंबरातच घ्या. मे २०२५ मध्ये पहिल्या तुकडीतल्या १७ मुली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेरही पडल्या. अशी महिन्यांची मुदत मागूच नये, साहेब, समिती मागावी.