‘पाणी घालू नका’ हे वाक्य माझंच: अकोल्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि नीट झोप लागली नाही. बाकीच्या वाचकांना संदर्भ कळावा म्हणून ती थोडक्यात सांगते. जपानी लाव्ह्यांची (म्हणजे क्वेल पक्ष्यांची) अंडी घरी कशी उबवावीत यावरचा माझा लेख वाचून तुम्ही अकोल्याला, ऐन मे महिन्यात, बल्बच्या उबेवर चालणाऱ्या थर्माकोलच्या डब्यात ३० अंडी लावलीत. सगळं लेखात होतं तसं केलंत. चार पिल्लं निघाली, त्यातल्या एकाचे पाय फाकलेत. पाचव्यानं टरफलाला भोक पाडलं आणि ते रात्रभर ओरडत राहिलं. ‘मदत करू नका’ असं मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं म्हणून तुम्ही हात लावला नाहीत. सकाळी ते गेलेलं होतं. तुम्ही लिहिलंत, “कोकणात बसून अख्ख्या महाराष्ट्राला शिकवता. आणि ज्या पक्ष्याला स्वतःची अंडी उबवता येत नाहीत, त्याची पिल्लं काढायची हौस तरी कशाला?”

आधी पाय फाकलेल्या पिल्लाचं बोलू, कारण त्याच्याकडे दिवस थोडे आहेत. जखमेवर लावायच्या चिकटपट्टीची अर्ध्या सेंटीमीटरची फीत कापा आणि घोड्याला पायबंद घालतात तसा त्याच्या दोन्ही पायांना घाला. पिल्लू नीट उभं राहिलं असतं तर पायांत जेवढं अंतर असतं, तेवढंच ठेवा. पायाभोवती फीत आवळू नका. दोन-तीन दिवसांत पाय जाग्यावर येतात, मात्र हे पहिल्या काही दिवसांतच जमतं. खाली वर्तमानपत्र असेल तर आत्ता काढा. सात-आठ ग्रॅमचा जीव गुळगुळीत कागदावर घसरतो आणि पाय बाजूला जातात. धागे न सुटलेला खरबरीत कपडा अंथरा. पाण्याच्या झाकणात गोट्या टाका. लाव्ह्याचं पिल्लू बोटभर पाण्यातही बुडून मरतं.

आता पाण्याचं. ‘पहिले १४ दिवस डब्यात पाणी घालू नका’ हे वाक्य माझंच आहे, आणि तुमची बहुतेक पिल्लं त्या वाक्यानं गेली. ते मी कुठून आणलं ते सांगते.

मी कुडाळजवळ राहते. माझा पहिला घाणा जुलैतला. थर्मोस्टॅटबरोबर आलेल्या कागदावर पाण्याचे दोन्ही ट्रे भरा असं होतं, मी भरले. २० अंड्यांतून दोन पिल्लं निघाली. उरलेली फोडली तर आत पूर्ण वाढलेली, पिसं आलेली, फुगलेली पिल्लं, आणि टरफलातून पाणी ओघळलं. ती आत बुडाली होती. पुढच्या खेपेला एक थेंब पाणी ठेवलं नाही आणि २० पैकी १५ निघाली. त्या आनंदात मी लेख लिहिला आणि पावसाळ्यातली माझी खोली सगळ्या वाचकांच्या घरात आहे असं धरून चालले.

खरं घडतं ते असं. पावसात माझ्या खोलीत २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असते. तीच हवा डब्यात ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांवर उतरते, आणि अंड्याला पहिले दोन आठवडे हवी असते ती ४५ ते ५५. म्हणजे मी ‘पाण्याशिवाय’ उबवत नव्हतेच, पाणी अरबी समुद्राकडून येत होतं. तुमच्याकडे मेच्या दुपारी खोलीतली हवा ४० अंशांची आणि २० टक्क्यांची. डब्यात ती विशी-पंचविशीतच राहते. अंड्यातलं पाणी उडून जातं, आतला पापुद्रा चामड्यासारखा होऊन पिल्लाच्या अंगाला चिकटतो. न निघालेली अंडी फोडल्यावर तुम्हाला पिवळट तपकिरी, वाळलेला पापुद्रा दिसला असं तुम्ही लिहिलंय. माझ्या अंड्यांतून पाणी ओघळलं होतं, तुमची वाळून गेली.

म्हणून तो नियम मी लेखातून काढला आणि त्याच्या जागी काटा आणला. ०.१ ग्रॅम दाखवणारा खिशात मावणारा काटा घ्या. अंडी लावायच्या दिवशी सगळी एकत्र तोला. लाव्ह्याचं अंडं साधारण ११ ग्रॅमचं, म्हणजे तुमची ३० अंडी ३३० ग्रॅम. चौदाव्या दिवसापर्यंत त्यातलं १२ टक्क्यांच्या आसपास वजन बाष्प होऊन जायला हवं, म्हणजे काटा २९० च्या जवळ आला पाहिजे. सातव्या दिवशी तोला. ३१० च्या आसपास भरलं तर ठीक. त्याहून बरंच कमी भरलं तर पाण्याची वाटी ठेवा, जास्त भरलं तर असलेली काढा. वाटीची खोली महत्त्वाची नाही, पाण्याचा पसारा महत्त्वाचा. उथळ ताटली खोल पेल्यापेक्षा जास्त ओल देते. हे अकोल्यातही चालतं आणि कुडाळातही.

आर्द्रतामापकावर मात्र डोळे झाकून विसंबू नका. बाटलीच्या बुचात मीठ घेऊन त्यावर पाण्याचे थेंब टाका, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते आणि मापक एका घट्ट पिशवीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवं. माझा स्वस्तातला मापक ६६ दाखवत होता. म्हणजे आर्द्रता नऊनं कमी दाखवणाऱ्या यंत्राकडे बघून मी आणखी पाणी ओतत होते.

उष्णतेचा भाग लेखात नव्हताच, आणि तो तुम्हीच लक्षात आणून दिलात. दुपारी डब्यात ३९.८ दिसायचं आणि बल्ब तर बंद असायचा, असं तुम्ही लिहिलंत. थर्मोस्टॅट फक्त बल्ब चालू-बंद करतो, डबा गार करणं त्याच्या हातात नाही. खोलीच ४० अंशांची झाली की डबा तिच्या खाली जाऊ शकत नाही. शिवाय दहाव्या दिवसानंतर अंड्यांमधली पिल्लं स्वतःची ऊब सोडायला लागतात. पिल्लं सतराव्या दिवशी यायला हवीत, तुमची सोळावा उजाडायच्या आत आली आणि दोघांची बेंबी मिटली नव्हती. जास्त तापल्याचीच ही खूण. विदर्भात मे-जूनमध्ये लावायचीच असतील तर डबा कूलरच्या खोलीत, पण वाऱ्याच्या झोतापासून लांब ठेवा. मी असते तर दसऱ्यानंतर लावली असती.

आणि आता त्या पाचव्या पिल्लाबद्दल.

‘मदत करू नका’ हे मी आजही सांगेन, पण तेवढंच सांगून सोडून देणं चूक होतं. टरफलाला टोच पडते तेव्हा पिल्लू बाहेर यायला तयार असतंच असं नाही. पापुद्र्यातल्या शिरांत अजून रक्त वाहत असतं, बलकाचा उरलेला भाग पोटात ओढला जात असतो. ते थांबतं, दम घेतं, फुफ्फुसं चालवायला शिकतं. सहा तास, बारा तास. त्या वेळी आपण टरफल सोललं तर शीर तुटते आणि ते रक्त जाऊन मरतं. माझ्या हातून एक असंच गेलंय, म्हणून ते वाक्य ठळक केलं होतं. झाकण उघडलं की ओल उडून जाते आणि शेजारच्या अंड्यांचाही पापुद्रा वाळतो, हेही आहेच.

पण तुमचं पिल्लू वेगळ्या अडचणीत होतं. टोच पडून चोवीस तास होत आले, पापुद्रा पांढरा-ओला न राहता तपकिरी आणि कोरडा पडला, पिल्लू ओरडतंय पण फिरत नाही, तर ते अडकलेलं असतं. अशा वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पापुद्रा ओला करायचा, चोचीजवळचं टरफल चिमटीनं कणाकणानं काढायचं, रक्ताचा लाल ठिपका दिसला की लगेच थांबून तासाभरानं परत बघायचं. डोकं मोकळं झालं की उरलेलं बळ त्याचं त्याला लावू द्यायचं. तुमच्या पिल्लाला ही मदत मिळायला हवी होती. तुमचा हात माझ्या अर्धवट वाक्यानं अडवला. तुम्ही निर्दयपणे बघत बसला नाहीत, तुम्ही सांगितलेलं ऐकलंत. याबद्दल मी मनापासून माफी मागते.

हौसेबद्दल. आपल्या माळावरचा रानलाव्हा वेगळा, त्याला कायद्यानं संरक्षण आहे, आणि त्याची मादी अंडी बसून उबवते. आपण पाळतो तो जपानी लाव्हा. भारतात तो १९७४ साली अमेरिकेतून बरेलीजवळच्या इज्जतनगरला आणला गेला. पिढ्यान्‌पिढ्या अंड्यांसाठीच निवडत गेल्यानं त्याची मादी सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंड्यांवर बसत नाही. ही खोड माणसानं घालवली, म्हणून ऊब देण्याचं काम माणसाकडे आलं असं मी मानते. पण तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग मला पटला: ३० अंडी एकदम कशाला? निघालेल्यांत साधारण निम्मे नर असतात, आणि तीन माद्यांमागे एक नर पुरे होतो. तीन आठवड्यांत छाती तांबूस झाली की ते ओळखू येतात आणि एकमेकांचं डोकं सोलून काढतात. त्या नरांचं काय करायचं हे अंडी लावायच्या आधी ठरलेलं असावं. लेखात यावर एक ओळही नव्हती, आता आहे.

पायबंद घातल्यावर पिल्लू उद्या कसं उभं राहतं ते कळवा, जमलं तर फोटो टाका. आणि थंडीत पुन्हा अंडी लावलीत तर यावेळी बाराच लावा. सातव्या दिवशी काट्यावर काय भरतं तो आकडा इथेच लिहा, पाणी किती ठेवायचं ते आपण त्यावरून ठरवू.