स्वीप येतो, पण गाणं येतं का?

गेल्या आठवड्यात एका मित्राशी वाद झाला. त्याच्या मते मेलोडिक डेथ मेटल (मेलोडेथ), म्हणजे जड, गुरगुरत्या डेथ मेटलचा सुरेल धुनांवर चालणारा प्रकार, हा ज्यांना टेक्निकल डेथ, म्हणजे अवघड वादनावर भर देणारा प्रकार, झेपत नाही त्यांचा आसरा. मी तेव्हा नुसताच चिडलो. उत्तर नेहमीप्रमाणे उशिरा सुचलं, म्हणून ही पोस्ट.

अॅट द गेट्स या स्वीडिश मेलोडेथ बँडचा १९९२ चा पहिला अल्बम ऐका, ‘द रेड इन द स्काय इज अवर्स’. एका गाण्यात किती रिफ (गिटारचे छोटे, ठसठशीत तुकडे) आहेत ते मोजायला बसाल आणि मध्येच नाद सोडाल. ताल फिरतोय, कुठूनतरी व्हायोलिन येतंय, एक कल्पना रुजायच्या आत दुसरी तिला ढकलून पुढे. पोरं विशीच्या आसपासची, डोक्यात आहे ते सगळं एकदम सांगायची घाई. मला हा अल्बम आवडतो, पण खरं सांगायचं तर ऐकून झाल्यावर त्यातलं फारसं काही गुणगुणता येत नाही.

१९९३ मध्ये गिटारिस्ट आल्फ स्वेन्सन बाहेर पडला. १९९५ मध्ये ‘स्लॉटर ऑफ द सोल’ आला. अकरा गाणी, जेमतेम ३४ मिनिटं. रिफ कमी झाले, पण जो आहे तो परत येतो, आणि परत येईपर्यंत तो तुमच्या ओळखीचा झालेला असतो. याला कोणी ‘सोपं केलं’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यातला वेगवान रिफ उजवा हात न आखडता गाणंभर एकसारखा वाजवून दाखवा, मग बोलू. त्याच अल्बममध्ये ‘कोल्ड’ या गाण्यात अँडी लारॉकचा सोलो आहे. किंग डायमंड या मेटल गायकासोबत वाजवणारा माणूस, हात कसा असणार ते सांगायला नको. तरी तो येतो, गाण्याला हवं तेवढं बोलतो आणि निघून जातो. पाहुण्याने कधी उठावं हे कळणं हेसुद्धा कौशल्यच आहे की!

मेलोडेथमधली खरी मेहनत बऱ्याचदा दिसतच नाही. दोन गिटार तिसऱ्या स्वराच्या अंतराने एकच धून वाजवतात. आयर्न मेडन या जुन्या मेटल बँडकडून आलेली सवय. कागदावर हे पोरखेळ वाटतं. पण मायनर स्केलमध्ये ते अंतर कधी तीन अर्धस्वरांचं, कधी चार, त्यामुळे दुसऱ्या गिटारला पहिलीची नक्कल करून भागत नाही. दोघांचा बेंड (तार ओढून चढवलेला सूर) एकाच वेळी पोचला नाही, व्हायब्रेटो (सुराचं कंपन) जुळला नाही, की सगळं बेसूर. वेगात शंभर चुका लपतात, संथ धुनेत एकही लपत नाही.

आता दुसऱ्या बाजूचेही कान उपटतो. ‘आम्ही गाण्याला महत्त्व देतो’ हे पुष्कळदा आळसाचं गोंडस नाव असतं. स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातून आलेल्या मेलोडेथच्या त्या दोन-तीन अल्बमनंतर किती बँडनी तोच साचा वापरला! हार्मनीची लीड, धावता रिफ, कोरसला स्वच्छ आवाज, झालं गाणं. तंत्र तोकडं असलं की कल्पनाही हाताला येतं तिथेच फिरत राहते. चिल्ड्रेन ऑफ बोडम या फिनिश बँडच्या गिटारिस्ट अलेक्सी लायहोकडे बघा. त्याचा वेग काढून घेतला तर गाणंच उरत नाही, कारण गिटार आणि कीबोर्डची ती झटापट हीच तिथली चाल आहे. तिथे तंत्र वरून शिंपडलेलं नाही.

म्हणजे मित्राचा प्रश्नच चुकीचा होता. अवघड वाजवता येतं का, हे मी विचारतच नाही. मी विचारतो, हा अवघड भाग काढला तर गाण्याचं काय बिघडेल? काहीच बिघडत नसेल, तर तो रियाज आहे. रियाज घरी करावा. (हो, हे लिहिताना मला माझाच एक जुना डेमो आठवतोय.)

त्या डेमोत पाच तारांचा स्वीप होता, म्हणजे एकाच ओढीत पिक तारांवरून सरकवून वाजवलेला वेगवान तुकडा. मेट्रोनोम लावून कित्येक महिने घासलेला. बँडमधल्या सगळ्यांना ऐकवला, सगळे ‘भारी’ म्हणाले. दोन दिवसांनी ड्रमर त्याच गाण्यातलं काहीतरी शिट्टीवर वाजवत होता, म्हणून कान टवकारले. स्वीप नव्हता तो. स्वीपच्या आधी नुसती जागा भरायला टाकलेल्या चार सुरांची ओळ होती.

आता गाणं त्या ओळीपासून सुरू होतं. स्वीप अजून आहे, फक्त एकदाच येतो, अगदी शेवटी. काढायला जीव होत नाही.