दहा वर्षांचा व्हिसा, सहा महिन्यांचा मुक्काम

आखाजीचे आमरस-मांडे आटोपले की जळगावातल्या माझ्या टेबलासमोर आई-वडिलांची रांग लागते. मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत, नातवंड झालेलं किंवा होणार, आणि हातात जुन्या पासपोर्टांची पिशवी. व्हिसाचे अर्ज भरून द्यायला लागून मला बारा वर्षं झाली. यंदा मात्र चोपडा, यावल, शहादा, कुठूनही आलेला माणूस बसल्या बसल्या मोबाइल काढतो आणि तोच मेसेज दाखवतो. समाजाच्या ग्रुपवर, सेवानिवृत्तांच्या ग्रुपवर, बायकांच्या भिशीच्या ग्रुपवर, सगळीकडे तो पोहोचलाय. मजकूर थोडक्यात असा:

«अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसा १० वर्षांचा असतो, तेवढी वर्षं कितीही राहा. कोणी विचारलंच तर ५३९ नंबरचा फॉर्म भरा, निकाल येईपर्यंत हात लावत नाहीत. तेही नको असेल तर मेक्सिको किंवा कॅनडात दोन दिवस जाऊन या, नवे ६ महिने मिळतात. १८० दिवस जास्त राहिलं तरी माफ असतं. कोविडमध्ये हजारो राहिले, कोणाला काही झालं नाही. सगळ्या देशांत हेच आहे.»

यात थोडं थोडं खरं मिसळलेलं आहे म्हणूनच तो इतका फिरला. तद्दन खोटा असता तर पहिल्याच पोराने तिकडून फोन करून «पप्पा, डिलीट करा» म्हटलं असतं.

आधी त्या दहा वर्षांचं बघू. पासपोर्टवर चिकटवलेल्या बी-१/बी-२ (कामासाठी/फिरण्यासाठी) व्हिसावर दहा वर्षांनंतरची तारीख असते, हे खरं. पण ती तारीख राहण्याची नाही, दारात जाऊन उभं राहण्याची आहे. त्या तारखेपर्यंत तुम्ही कितीही वेळा अमेरिकेच्या विमानतळावर उतरून «आत येऊ का?» असं विचारू शकता. लग्नपत्रिका हातात आहे म्हणून वरपक्षाच्या घरी महिनाभर मुक्काम ठोकता येत नाही, तसंच. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत जाते. बी-२ वर येणाऱ्याला बहुतेक वेळा सहा महिने मिळतात. दोन्ही तारखांचा एकमेकींशी किती संबंध आहे ते सांगतो: व्हिसा पुढच्या आठवड्यात संपणार असेल आणि तुम्ही आज उतरलात, तरी सहा महिने मिळू शकतात. उलट, व्हिसाची नऊ वर्षं शिल्लक असली तरी आय-९४ वरची तारीख उलटली की तुमचा मुक्काम बेकायदा.

ही नोंद आता ऑनलाइन असते, कागद देत नाहीत. कित्येक विमानतळांवर पासपोर्टवर शिक्का मारणंही बंद झालंय. त्यामुळे लोकांना वाटतं, शिक्का नाही म्हणजे मुदत नाही. घरी पोचल्यावर, झोप झाली की, मुलाला तिथल्या सीमाशुल्क खात्याच्या वेबसाइटवर पासपोर्ट नंबर टाकून आय-९४ काढायला सांगा. पासपोर्टच लवकर संपणार असेल तर अधिकारी मुक्काम त्याच तारखेपर्यंत कापू शकतो, आणि हे घरात कोणाच्या लक्षात येत नाही.

५३९च्या फॉर्मवर मी जरा थांबणार आहे, कारण मेसेजमधला सगळ्यात खरा भाग तोच आहे. आय-५३९ हा मुदतवाढीचा रीतसर अर्ज आहे. आय-९४ची तारीख उलटण्याआधी तो पोचला, तर निकाल येईपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरत नाहीत. इथवर मेसेज बरोबर. पण «फॉर्म भरा» म्हणजे रेल्वेचं आरक्षण वाढवणं नव्हे. १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन अर्जाची फी ४२० डॉलर आहे आणि कागदावर भरला तर ४७०. नवरा-बायको एकाच अर्जात बसू शकतात. मुदत संपण्याच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करा असं अर्ज घेणारं इमिग्रेशन खातं स्वतःच सांगतं. आमचे लोक शेवटच्या आठवड्यात जागे होतात.

शिवाय कारण लागतं. मुलीचं बाळंतपण लांबलं, अचानक ऑपरेशन निघालं, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली, असं काही. वाढीव दिवसांचा खर्च कोण करणार, आणि परत जाण्यासारखं घरी काय आहे, तेही दाखवावं लागतं: पेन्शन, सातबारा, परतीचं तिकीट. «थंडी संपेपर्यंत राहू म्हटलं» हे मनातलं कारण असेल, अर्जावरचं नव्हे. नातवंड सांभाळायला माणूस हवा, असं तर लिहूच नका. नातवाला भेटणं वेगळं, पण आयाच्या जागी काम करणं हे तिथला अधिकारी नोकरीसारखं धरू शकतो.

निकालाला महिनोन्महिने लागतात. कित्येकदा तुम्ही मागितलेली मुदतही संपते आणि उत्तर आलेलं नसतं. निकालाआधी परत आलात तर बिघडत नाही, फक्त अर्जाची पोच जपून ठेवा. पुढच्या वेळी विमानतळावर ती विचारू शकतात. पण तिथेच बसून राहिलात आणि नकार आला, तर दुसऱ्या दिवसापासून बेकायदा दिवस मोजायला सुरुवात. पहिला अर्ज लटकलेला असताना त्याच्यावर दुसरा चढवलेला असेल, तर पहिल्याबरोबर दुसराही कोसळतो. तारीख उलटल्यावर भरलेल्या अर्जाला तर हे संरक्षण नाहीच.

मेक्सिको-कॅनडाची युक्ती जुनी आहे. कॅनडाला जायला आपल्याला वेगळा व्हिसा लागतो. मेक्सिको अमेरिकेच्या चालू व्हिसावर आत घेतो, हे खरं. पण तीस दिवसांच्या आत परत आलात तर अधिकारी सहसा जुन्या आय-९४चे उरलेले दिवसच देतो. नवे सहा महिने देणं त्याच्या मर्जीवर असतं, आणि मुक्कामाची मुदत संपत आलेल्या माणसावर ती मर्जी फारशी होत नाही.

आता ते १८० दिवस. एका निवृत्त साहेबांनी माझ्याशी यावर अर्धा तास वाद घातला. «कायद्यातच आकडा आहे,» म्हणाले. आहे. १९९६च्या कायद्यात. १८० दिवसांहून जास्त पण वर्षाहून कमी बेकायदा राहून देश सोडला तर ३ वर्षं प्रवेशबंदी, वर्ष किंवा जास्त झालं तर १० वर्षं. कोणीतरी हे उलटं वाचलं, की १८० पर्यंत बंदी नाही म्हणजे माफ. माफ नाही. त्याच इमिग्रेशन कायद्यात दुसरं एक कलम आहे, २२२(जी). त्याप्रमाणे मुदत संपल्यावर एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तुमचा तो दहा वर्षांचा व्हिसा आपोआप रद्द होतो. पासपोर्टवर तो तसाच चकचकीत दिसत राहतो, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. पुढच्या खेपेला तिथल्या विमानतळावरून परत पाठवल्यावर लागतो. मग पुन्हा फी, पुन्हा बोटांचे ठसे, पुन्हा भुसावळहून रात्रीची गाडी धरून मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीतली मुलाखत. आणि डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात सरळ प्रश्न असतो: दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त कधी राहिलात का? तिथे «हो» लिहायला माझाही हात अडखळतो, पण खोटं लिहिणं त्याहून महागात पडतं.

कोविडचं उदाहरण देणाऱ्यांचा मला राग येत नाही. २३ मार्च २०२० पासून भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद केली, ७ मे पासून वंदे भारत मोहिमेची विमानं सुरू झाली, आणि मधल्या काळात आपले शेकडो आई-वडील तिकडे अडकून पडले. ते घाबरले होते, मी फोनवर ऐकलंय. पण त्यांच्यातल्या बहुतेकांनी रीतसर आय-५३९ भरले होते, आणि असाधारण परिस्थितीमुळे उशीर झाला तर तो माफ होऊ शकतो असं खात्याने तेव्हा सांगितलं होतं. विमानच नव्हतं. आज रोज आहे. «काही व्हत नही भो» हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडे रुजलंय.

«सगळ्या देशांत हेच» याला फार वेळ द्यायला नको. युरोपातल्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, देश बदलला तरी मोजणी तीच, आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ये-जा करणाऱ्यांची डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. ब्रिटनचा दहा वर्षांचा व्हिसाही एका खेपेला सहा महिनेच देतो. दुबईत जास्त राहिलात तर दिवसाला ५० दिरहम दंड. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर ८५०३ ही अट असेल तर तिथे राहून मुदतवाढ सहसा मागता येत नाही. कॅनडा मात्र तिथे स्थायिक झालेल्यांच्या आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना सुपर व्हिसावर एका खेपेला ५ वर्षं राहू देतो. मला वाटतं, कॅनडावाल्या कोणाच्या तरी खऱ्या अनुभवावरून हा मेसेज जन्मला आणि फिरता फिरता अमेरिकेचा झाला.

परवा धरणगावच्या एका काकांचा न्यू जर्सीहून फोन आला. हाच मेसेज त्यांनीही ऐकवला. म्हटलं, आधी मुलाला कॉम्प्युटरवर बसवा. त्याने आय-९४ काढलं. तारीख होती १४ फेब्रुवारी, आणि परतीचं तिकीट २० फेब्रुवारीचं. स्वस्त मिळालं म्हणून. काकांनी मागून विचारलं, «सहा दिवसांनी काय होतंय?» मुलगा काही बोलला नाही, तो एअरलाइनचं पान उघडत होता. तारीख बदलायला १८० डॉलर लागले. आकडा ऐकून काका म्हणाले, «बघा, १८०च निघाले की.»